बिनकाट्याच्या निवडुंगाची पानं बुडातून कुजताहेत

शेळीपालक, शिंदखेडा:
दहा शेळ्यांच्या चाऱ्यासाठी जुलैत काळ्या रानात बिनकाट्याच्या निवडुंगाची 40 पानं लावली. पंधरा दिवसांत निम्मी बुडाशी पिवळी पडून पिचपिचीत झाली. पाणी एक दिवसाआड देतोय. उरलेली वाचतील का? आणि शेळीला किती घालायचा?

तापीकाठ:
भाऊ, आधी पाणी बंद करा. पानातच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, मुळं फुटेपर्यंत त्यावर ते निभावतं. ओलं कापलेलं पान लगेच पुरलं की जखमेतून बुरशी शिरते, त्यात काळी जमीन ओल सोडत नाही. उरलेली सगळी उपटा. कुजका भाग धारदार चाकूने काढत जा, आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी डाग राहिला तर ते पान गेलंच समजा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 3 ग्रॅम, त्यात बुड बुडवून सावलीत, वाऱ्याला 2 ते 3 आठवडे ठेवा. जखम कोरडी, कडक झाली की मुरमाड जागी किंवा फूटभर उंच गादीवाफ्यावर लावा. एक तृतीयांशच मातीत, खोल पुरलं तर पुन्हा हेच होईल. नवीन पानं आणाल तर वर्षभराची घ्या, कोवळी सुकतात.

सातपुडा पायथा:
पानांवर कापसासारखे पुंजके दिसले तर बोटाने चिरडून बघा. लाल रंग निघाला तर ती कोचिनील कीड. रानटी फड्या निवडुंग आवरायला 1926 मध्ये ती मुद्दाम भारतात आणली होती, म्हणून बांधावरचा फड्या लागवडीजवळ ठेवूच नका. सुरुवातीला साबणाच्या पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. पुंजके दाट झाले तर पान कापून जाळा.

शेळीपालक, शिंदखेडा:
पाणी बंद केलं. चाऱ्याचं सांगा ना दादा.

तापीकाठ:
पहिलं वर्ष कापूच नका. नंतरही बुडाचं पान आणि त्यावरचा पहिला थर राखून वरची पानं सांध्यातून काढा, तीही दुपारनंतर. निवडुंग रात्री आम्ल साठवतो, त्यामुळे सकाळचं पान आंबट असतं. इंचभर तुकडे करून शेळीमागे अर्ध्या किलोपासून सुरू करा, 10-12 दिवसांत 2 किलोपर्यंत न्या. नुसता निवडुंग घातला तर हगवण लागते. आधी ज्वारीचा कडबा किंवा हरभऱ्याचं कुटार खाऊ द्या. प्रथिनं यात फार कमी, ती सरकी पेंडीतूनच द्यावी लागतील. आणि कापताना पडलेले तुकडे वेचून घ्या, पडल्या जागी मुळं धरतात.