'पडूनही'चं इंग्रजी: पाऊस पाडला कोणी?

पिंपळपान: पाणीसाठ्याच्या एका अहवालाचं भाषांतर करतोय. मूळ वाक्य, 'भरपूर पाऊस पडूनही धरण भरले नाही.' मी लिहिलं, 'डिस्पाइट हॅविंग रेन्ड हेविली, द डॅम डिड नॉट फिल.' तपासणाऱ्या बाईंचा समासात शेरा: 'पाऊस धरणानं पाडला का?' चूक कळली, पण कानाला अजून खटकत नाही. 'पडूनही'ला सरळ जोड नाहीच का?

रिकामटेकडी: शेरा रास्त आहे. डिस्पाइटनंतर आयएनजी आलं की कर्ता पुढच्या वाक्यातला धरतात. 'डिस्पाइट द हेवी रेन' करा, नाम आलं की भानगडच मिटली. नाहीतर 'ऑलदो इट रेन्ड हेविली'. फक्त पुढे 'बट' नको. जरी-तरीच्या सवयीनं हात तिकडे जातोच. आणि 'डिस्पाइट ऑफ' तर नकोच नको.

उंबरठा: मुळात मराठी वाक्यच सैल आहे. -ऊनला दोन्हीकडे एकच कर्ता हवा, असं आम्हाला गुरुजींनी छडी हातात घेऊन शिकवलंय.

रिकामटेकडी: मग 'लग्न होऊन वीस वर्षं झाली' कसं म्हणता? 'पाऊस पडून रस्ता निसरडा झाला' हेही चूक? गुरुजींची छडी इंग्रजी व्याकरणाची असणार.

अडाणी वकील: आमच्याकडे यावर रामबाण आहे: 'नॉटविथस्टँडिंग'. ३७०व्या कलमाची सुरुवातच त्यानं होती. हेही मुळात धातुसाधितच, 'आड न येता' अशा अर्थाचं, लॅटिन 'नॉन ऑब्स्टान्टे'वर बेतलेलं. गंमत म्हणजे ते नामाच्या मागूनही चालतं, 'द रेन नॉटविथस्टँडिंग'. अगदी आपल्या शब्दयोगीसारखं!

उंबरठा: वकीलसाहेब, ते घातलंत तर धरण भरायच्या आधी तारीख पडेल. बाकी 'पडूनही' परवडलं म्हणायचं. परवा एका बातमीत 'पाऊस पडण्याच्या बावजूद' वाचलं. शोभतं का हे मराठीला?

गोदाकाठ: आमच्या मराठवाड्यात बोलताना बावजूद सर्रास येतं, कुणाचं काही अडत नाही. 'परंतु' कुठून आणलंत, ते आधी सांगा. आणि हो, हा -ऊन म्हणजे 'घरून', 'वरून'मधलाच -ऊन. पाऊस पडण्यापासून पुढे, असा अर्थ.

रिकामटेकडी: काका, नाही हो. हा महाराष्ट्री प्राकृतातला -ऊण. 'काऊण' म्हणजे करून, 'हसिऊण' म्हणजे हसून.

गोदाकाठ: असेल. मला आपलं घरूनच पटतं.

पिंपळपान: 'डिस्पाइट द हेवी रेन' लिहून पाठवलं. आता विचारतायत, मूळात 'पडूनही' होतं की 'पडत असतांनाही'? पाऊस थांबला होता की चालू होता? अहवाल सप्टेंबरचा आहे.

उंबरठा: 'असतांना' नव्हे, 'असताना'. १९६२च्या नियमांनी तो अनुस्वार गेला. आणि मूळात नव्हे, मुळात.

गोदाकाठ: आमच्या शाळेच्या फळ्यावरून तो अनुस्वार १९८० पर्यंत गेला नव्हता.

अडाणी वकील: जुन्या खरेदीखतांत तर 'असतां' एवढंच असतं, 'ना' नाहीच. फोटो टाकतो उद्या.