पिकअपचा ब्रेक कॅलिपर दारात बदलावा की गॅरेजलाच? सांगली-सातारकरांनो, मत द्या

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडे पिकअपचा मालक ऑइल-फिल्टर स्वतः बदलतो, पाटे स्वतः उतरवतो, क्लच प्लेटसुद्धा शेजाऱ्याला हाताशी घेऊन टाकतो. ब्रेकचं नाव निघालं की मात्र गाडी थेट गॅरेजला. मला हे पटत नाही. पुढच्या डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बदलणं क्लचपेक्षा सोपं आहे. चांगले पाने, सिमेंटची पक्की जागा आणि पेडलवर बसायला एक माणूस असेल तर ते घरीच करावं.

मागच्या चाकांना दगड लावा, नट सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालू नका, खाली स्टँड हवाच. चाक निघालं की कॅलिपर समोरच. होजचा (तेलाच्या रबरी नळीचा) बँजो बोल्ट, म्हणजे ती कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचे दोन बोल्ट काढले की तो हातात येतो. नवा बसवताना बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घ्यायचे, ब्रॅकेट तारेच्या ब्रशनं घासायचं, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. मग एअर काढायची.

२०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. नंतर सगळ्यांनी इंजिन बघितलं, वायरिंग बघितलं. पिनांच्या रबरी बुटात (टोपणात) शिरलेला गाळ कुणी बघायचा? मालकानंच ना?

वाईचा फिटर

मालक, चाक काढायला तुम्ही चार ओळी घेतल्या आणि "मग एअर काढायची" एवढ्यात अख्खं काम गुंडाळलंत. गाडी ठोकते ती त्या शेवटच्या वाक्यात.

दारात कॅलिपर बदललेल्या गाड्या आमच्याकडे येतात त्यात डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला असतो. बऱ्याच मॉडेलला बोल्टची भोकं जुळतात, त्यामुळे कळतच नाही. पण मग एअरचा निपल, म्हणजे तेलात अडकलेली हवा बाहेर सोडायचं तोंड, खालच्या अंगाला येतो. हवा वर जाणार, निपल खाली, कितीही पंप मारा ती निघत नाही. निपल सगळ्यात वर आलाच पाहिजे, हे पहिल्यांदा बघा.

दुसरं म्हणजे हवा काढताना तुमचा मदतनीस पेडल पार तळाला दाबतो. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलतो त्याचा) पिस्टन रोज तितका आत जात नाही, तिथं आत गंज धरलेला असतो. त्यावरून सील घासलं की फाटतं. बदलायला गेलात कॅलिपर आणि घालवलात मास्टर. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात ते त्यासाठी. हे ज्याला माहीत नाही त्यानं लोड घेऊन पसरणी घाट उतरू नये, माझं एवढंच म्हणणं.

माणदेशी

फिटरदादा, समदं खरं हाय, पर गॅरेजात तरी ठोकळा कोण ठेवतंय? आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्यानं पिनांना बेअरिंगचं पिवळं ग्रीस चोपडलं हुतं. त्यानं रबर फुगलं, पिना जाम झाल्या, आतलं पॅड पार लोखंडापतुर घासलं आन् बाहेरचं नव्यावानी. डिस्कबी गेली. बिल मात्र आमीच भरलं.

आन् द्राक्षाचा हंगाम आला की गाडी गॅरेजला लावायला येळ कुणाला हाय? माल तोडला की तो थांबत न्हाय. आमी तर बाबा घरीच करणार.

जावळीकर

भावनेच्या भरात चर्चा नको. पिकअप ही मालाची गाडी आहे, ती आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला न्यावी लागते ते उगाच नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९० वाचा. साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. घरी केलेल्या कामाचा कागद कुठला दाखवणार? मागं बसलेले मजूर, समोरून येणारा दुचाकीवाला, यांनी तुमच्या हौसेची किंमत का मोजायची?

कृष्णाकाठ

जावळीकर, तुम्ही सांगितलेलं कलम माझ्याच बाजूचं आहे. कायदा "बिल कुठंय" असं विचारत नाही, साधी काळजी घेतली का ते विचारतो. ती घ्यायला ब्रेक उघडून बघता आला पाहिजे. ज्यानं आयुष्यात पॅड कसं झिजतं ते पाहिलं नाही, तो बिल खिशात घालून निवांत घाट उतरतो. आणि मागं मजूर बसवायचे का, हा वेगळा धागा काढा, त्यात मी तुमच्या बाजूनं लिहीन.

फिटरदादांचा ठोकळ्याचा मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. निपलचाही.

वाईचा फिटर

मान्य केलंत, आता पुढचं ऐका. मुळात कॅलिपर बदलायचा की नाही, हे तुम्ही ठरवलंत कसं? चाक तापलं, वास आला, गाडी एका बाजूला ओढायला लागली की लोक दुकानातून नवा कॅलिपर घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा कॅलिपर चांगला असतो.

चाक जाम असताना निपल थोडा सैल करा. तेल उडून चाक मोकळं झालं, तर प्रेशर वरून अडकलंय. बहुतेक वेळा होज आतून फुगलेला असतो: तेल जाताना जातं, परत येत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, हीच त्याची लबाडी. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा पिना. आधी पिना काढून बघा. हातानं सरकत नसतील तर साफ करून, बूट बदलून भागतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर सील किट टाकू नका, नवं सीलही गळणार. तिथं मात्र कॅलिपर बदला.

ओढण्याचंही तसंच. नुसती चालवताना ओढत असेल तर ओढते त्या बाजूचा ब्रेक धरून बसलाय. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर उलट, दुसऱ्या बाजूचा लागत नाही. लोक चुकीच्या बाजूचा बदलतात.

माझं अजूनही म्हणणं तेच. पॅड, पिना, बूट हे मालकानं करावं, खुशाल करावं. होजचा बोल्ट उघडला की काम आमचं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर स्कॅनर जोडल्याशिवाय काही गाड्यांतली हवा पुरती निघतच नाही, तो तुमच्या दारात कुठून येणार?

कृष्णाकाठ

एबीएसच्या गाडीपुरतं ऐकतो. बाकी बोल्टाच्या त्या रेषेवर आपलं जमणार नाही, दादा. मास्टरची टाकी रिकामी होऊ दिली नाही, पेडल घट्ट झालं, इंजिन चालू करून जोरात दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली गेलं नाही, बँजोपाशी ओल नाही, तर काम झालं. मग गाडी हलवायच्या आधी दोनचार पंप, आणि पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीनं. गॅरेजवालाही यापेक्षा वेगळं काय करतो?

वाईचा फिटर

करतो. उद्या गाडी परत आली तर बोलणी खायला तिथंच असतो. :)

माणदेशी

ह्ये बरिक खरं हाय. फिटरदादा, एक इचारतो. मागल्या वर्साचा ब्रेक ऑइलचा अर्धा डबा पडलाय, डॉट ४. चालंल का?

वाईचा फिटर

नाही. उघडलेला डबा हवेतलं पाणी ओढतो. कोरडं डॉट ४ कमीत कमी २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेल्याची हद्द १५५ वर येते. घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते, पेडल तळाला. नवा सीलबंद डबा घ्या. आणि झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलंय ते वाचूनच ओता. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतो.

माणदेशी

आन् ह्या डब्याचं काय करू?

वाईचा फिटर

विहिरीच्या, गोठ्याच्या आसपास ओतू नका. झाकण लावून इकडं पाठवा, आमच्या जुन्या तेलाच्या पिंपाशेजारी वेगळा कॅन आहे त्यात जाईल.