प्रतिसाद: भागाकार सोपा, छेद कुठला?
कारखान्याच्या क्षमतेचा किती टक्के वापर होतो हे काढायचं मूळ लेखातलं सूत्र, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन भागिले क्षमता, गुणिले १००, बरोबरच आहे. पण खरी मेख 'क्षमता' कशाला म्हणायचं यात आहे. समजा, यंत्र तासाला १०० नग काढतं. ८ तासांच्या पाळीत कागदावर ८०० झाले. त्यातला एक तास साचे बदलणं आणि तेलपाण्यात जातोच, म्हणजे व्यवहारात ७००. प्रत्यक्षात निघाले ५६०. मग वापर ७० टक्के की ८०? दोन्ही खरे! म्हणून आकड्यासोबत छेद सांगायलाच हवा. (अंशात नापास नगही धरले असतील तर तो आकडाच फसवा.)

नगांचे प्रकार अनेक असतील तर नग मोजू नका, यंत्र-तास (यंत्र किती तास चाललं ते) मोजा. आणि साखळीतल्या सर्वांत संथ टप्प्याची क्षमता हीच सगळ्या कारखान्याची क्षमता. बाकी यंत्रं कितीही पळोत.

वापर '१०० टक्के गाठायचाच' हे त्या लेखातलं म्हणणं मात्र पटलं नाही. ऑर्डरी अनियमित येत असतील तर वापर ८० वरून ९० टक्क्यांवर जाताना रांगेतली वाट पाहणी साध्या गणितानेही दुपटीहून जास्त वाढते.