अनुभव धागा: नवं घेताना जुनं काय ठेवलंत?

पेटीवाली
गेल्या ईस्टरला आमच्या चर्चमध्ये प्रोजेक्टर आला आणि 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहाची पुस्तकं कपाटात गेली. कमिटीत मी विरोधात मत दिलं होतं, कारण आजीचं पुस्तक. त्याला कापडी पाठ आणि गीतांशेजारी पेन्सिलीच्या नोंदी. कुठे 'चाल दुसरी', कुठे 'आण्णांच्या मातीला म्हटलं'. आजीला वाईट वाटेल म्हणून मी भांडले, आणि पहिल्याच रविवारी भिंतीवरची वीतभर अक्षरं बघून ती म्हणाली, "किती वर्षांनी दुसरं कडवं वाचून म्हटलं गं!" मोतीबिंदू झाल्यापासून पाठ होतं तेवढंच ती म्हणत होती. आम्ही समजत होतो, हिला सगळंच पाठ आहे. पुस्तक अजून पिशवीत नेते, उघडत नाही.

तुमच्याकडे काय बदललं? काय सोडताना जड गेलं आणि काय उगाच धरून ठेवलं होतं? सविस्तर लिहा. उपदेश नको, तो रविवारी मिळतो.

वसईचा म्हातारा
मी वेदीसेवक, म्हणजे वेदीपाशी फादरांना मदत करणारा पोरगा होतो, तेव्हा मिस्सा (आम्हा कॅथलिकांची उपासना) लॅटिनमधून व्हायची, फादरांची पाठ आमच्याकडे. "दोमिनुस वोबिस्कुम" कानावर पडलं की "एत कुम स्पिरितु तुओ" ठोकून द्यायचं, अर्थ विचारायचा नाही. 1962 ते 1965 ची कॅथलिक चर्चची व्हॅटिकन परिषद झाली आणि पुढे मराठी आली, वेदीही फिरली, फादरांचं तोंड आमच्याकडे झालं. आमचे आजोबा केळीच्या वाडीत राबणारे. महिनाभर तोंड फुगवून बसले. "बैलाशी बोलतो त्याच भाषेत देवाशी बोलायचं?"

मग एका रविवारी बायबलमधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आला. संध्याकाळी कामाला लागलेल्यालाही पूर्ण दिवसाचा रोज. प्रवचनात आजोबांनी तो आधी ऐकला असणारच, पण शब्द न् शब्द आपल्या भाषेत ऐकल्यावर बिथरले. रात्री जेवताना तावातावाने म्हणाले, "हा मालक चुकला! उद्या सकाळी कोण येईल कामाला?" आजी म्हणाली, "फादरांना जाऊन सांगा." गेलेही! काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर मिस्सेला पुढच्या बाकावर बसू लागले. झोपताना लॅटिन पुटपुटणं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही.

आता नातवंडांना इंग्रजी मिस्सा हवी आहे आणि तोंड फुगवायची पाळी माझी.

नगरची सून
आमचे सासरे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला होते, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) स्थापना झाली तेव्हा. सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट चर्च-मंडळ्या एक झाल्या. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, पाळक आपण निवडायचा ही सवय. त्यामुळे सगळ्या पाळकांच्या वरचा बिशप त्यांच्या घशाखाली उतरेना. "वर आणखी मामलेदार कशाला?" म्हणायचे. पण बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा चालेल आणि जाणतेपणीचाही, हे एकीच्या करारातलं कलम त्यांना फार आवडलं. कारण याच मुद्द्यावर सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. त्या नाताळला भाऊ करंज्यांचा डबा घेऊन दारात उभा. बिशपांविषयी मत काही बदललं नाही.

तिखट
जुनं जपा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट न सांगता जपली आहे. चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, तरी माझ्यासाठी स्थळ बघताना "मूळचे कोण?" हा प्रश्न आलाच. विचारणारे काका दर रविवारी बायबलवाचन करतात. ख्रिस्तात सगळे एक, हे बायबलमधल्या 'गलतीकरांस पत्रा'तलं वचन त्यांना तोंडपाठ आहे. मी लग्न ठरवलं ते 'मूळचे दुसरे' अशा घरात. काका जेवायला आले, आहेर दिला, फोटोला थांबले नाहीत.

पेटीवाली
@तिखट, बरं केलंत लिहिलंत. आमच्याकडे हा प्रश्न "गाव कुठलं?" असा विचारतात.

तीन कॉर्डवाला
मी पुण्यात युथ बँडमध्ये गिटार वाजवतो, सगळी इंग्रजी गाणी. दोन वर्षांपूर्वी मामाच्या मातीला गावी गेलो. कबरीपाशी मला म्हणाले, गा काहीतरी. मला येणारं एकही गाणं तिथल्या कोणाला येत नव्हतं. शेवटी एका आजोबांनी टाळ काढला आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत उचललं, सगळी माणसं मागोमाग. मी गिटार घेऊन नुसता उभा. ते तालात धरता येईना, कॉर्ड सापडेनात.

परत आल्यावर टिळक वाचले. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणायचे. मी तर त्या पुलावर कधी पाय ठेवला नव्हता.

आता महिन्यातून एका रविवारी बँड अभंग घेतो. तबला मिळाला. पेटी चर्चच्या माळ्यावर सापडली, पण भाता फाटलाय आणि दोन सूर बसलेत. पुण्यात कोण दुरुस्त करतं, अंदाजे किती घेतील?