माफी मागणार तुम्ही, पुस्तक विकत घेणार आम्ही?

बाळीवेसचा म्हातारा:
काल इथं एका पोरानं लिहिलं होतं, 'सेलिब्रिटींची आत्मचरित्रं वाचा, माणूस काळा भूतकाळ मागं टाकून पुढं कसा जातो ते कळतं, चूक कबूल करायला हिंमत लागते.' खाली दीडशे बदाम आणि 'काय प्रवास आहे' असल्या कॉमेंटी. मला रात्री झोप लागली नाही. तशीही लागत नाही, काल जास्त.

कसली हिंमत? टेनिसवाला आंद्रे अगासी १९९७ मध्ये क्रिस्टल मेथ ह्या नशेच्या चाचणीत सापडला. टेनिस संघटनेला पत्र धाडलं, मदतनिसाच्या सोड्यात कालवलेलं होतं, मी चुकून प्यालो. त्यांनी मानलं, प्रकरण मिटलं. २००६ ला निवृत्त झाला, २००९ ला पुस्तक काढलं आणि त्यात सांगितलं की पत्र खोटं होतं. पंगत उठून पानसुपारी झाल्यावर यजमानानं येऊन सांगावं, आमटीत पाल पडली होती, तसं हे.

सायकलवाल्या लान्स आर्मस्ट्राँगचं तर विचारूच नका. कॅन्सरमधून उठला, टूर द फ्रान्स जिंकला, २००० साली पुस्तक आलं. माझ्या थोरल्या भावाची केमो चालू होती तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून ते वाचून दाखवलंय, इंग्रजीचं मराठी करत करत. २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेतली. २०१३ च्या जानेवारीत गडी टीव्हीवर येऊन म्हणाला, होय, उत्तेजकं घेत होतो. अमेरिकेतले काही वाचक पैसे परत मागायला कोर्टात गेले, तर कोर्ट म्हणालं, पुस्तकाला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. भाऊ २००४ ला गेला. कळायच्या आधी गेला ते बरं झालं, असं सख्ख्या भावाबद्दल म्हणायची वेळ आणली ह्या माणसानं.

ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात जा की. माझ्याकडं कशाला माफी मागता, तीही माझ्याच खिशातून?

रेल्वे लाईन्स:
काका, त्या दीडशेतला एक बदाम माझा. आर्मस्ट्राँगबद्दल काही बोलत नाही, तुमच्या भावाचं वाचून बोलवत नाही. पण अगासीला त्याच्या पंगतीला बसवू नका. २००९ मध्ये त्याच्या मागं कोण लागलं होतं? गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? आणि त्या पुस्तकात मेथ थोडं आहे. बापानं लहानपणीच बॉल फेकायच्या मशीनपुढं उभं केलं, टेनिसचा तिटकारा होता, १९९० च्या फ्रेंच ओपन फायनलला विग गळून पडेल ह्या भीतीनंच तो खेळला, हे सगळं आहे.

माझ्या भाच्याचा नीटचा तिसरा प्रयत्न चालू होता. पोरगं रात्री कसल्या गोळ्या घेत होतं ते आम्हाला दीड वर्षानं कळलं. तेही त्यानंच सांगितलं, हे पुस्तक वाचून झाल्यावर. आईपुढं बसून म्हणाला, मला डॉक्टर व्हायचं नाही. माझ्या बहिणीनं आता कुणाकडं पैसे परत मागायचे?

जुळे सोलापूर:
काका कशावरही चिडतात. मागं गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटावर चिडले होते. बॉक्सर माइक टायसनचं वाचा. तुरुंग, व्यसनं, दिवाळं, सगळं मांडलंय. आपल्यात कोण मांडतं एवढं?

बाळीवेसचा म्हातारा:
पाळण्याचं तिकीट जास्तच होतं. आणि टायसन १९९२ ला बलात्कारात दोषी ठरला, जवळजवळ तीन वर्षं आत होता. २०१३ च्या पुस्तकात म्हणतो, मी ते केलंच नाही. म्हणजे सगळं मांडलं, तेवढं सोडून.

डीटीपीवाला:
अण्णा, अमेरिकेत कशाला फिरूलालाव? अगासीचं पुस्तक लिहिलं मोहरिंगर नावाच्या पत्रकारानं, मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. २०२३ ला आलेलं प्रिन्स हॅरीचंही त्यानंच लिहिलं. त्याला बक्कळ मिळाले असतील. मला किती मिळाले सांगू?

आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या माणसाचं आत्मचरित्र ह्या हातांनी घडलंय. साहेब झोपाळ्यावर बसून बोलायचे, मी टाइप करायचो. एका वाक्यात 'मी', दुसऱ्यात 'आम्ही', तिसऱ्यात 'साहेब'. शेवटी सगळीकडं 'अस्मादिक' करून टाकलं. पतसंस्था बुडाली ते प्रकरण मी अकरा पानांचं केलं होतं. कुणाकुणाला कर्ज गेलं, सगळं. प्रूफ परत आलं तर त्यातली दीड ओळ शिल्लक: 'याच काळात काही विघ्नसंतोषी मंडळींनी आमच्यावर किटाळ आणले, परंतु सिद्धरामेश्वरांच्या कृपेने त्यातून तावून-सुलाखून निघालो.' प्रकाशनाला हॉल गच्च. शाली, श्रीफळं, पेढे. माझ्या बिलाचे पैसे अजून यायचेत.

चादर कारखाना:
कुठली पतसंस्था?

डीटीपीवाला:
नाव घेणार नाही. मला इथंच राहायचंय.

चादर कारखाना:
नको घेऊ. माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. साठवलेले एक लाख ऐंशी हजार असल्याच एका पतसंस्थेत गेले. एक दिवस दाराला कुलूप. पावत्या अजून ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्या घालून ठेवल्यात तिनं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आम्हाला पैसे बुडाल्यावर कळलं. तोवर बोर्डावर 'सहकारी' आणि 'मर्यादित' लिहिलेलं दिसायचं. काय मर्यादित ते नंतर कळलं.

जुळे सोलापूर:
बँकेत ठेवायचे होते मग. दोन टक्के जादा व्याजाला भुललं की असंच होतं.

चादर कारखाना:
का बे, आईला अक्षरओळख नाही. त्यांचा पिग्मीवाला विडी कारखान्याच्या दारात येऊन उभा राहायचा, मजुरी हातात पडली की रोजचे वीस रुपये. तू कुठल्या व्याजाचं बोलूलालास? समोर ये, टक्के मोजून देतो.

जुळे सोलापूर:
सात रस्त्याला ये. कधी येतोस?

रेल्वे लाईन्स:
दोघंही जा आणि येताना विषय घेऊन या. डीटीपीभाऊ, दुसऱ्यानं लिहिलं म्हणून खोटं, असं नसतं. सिनेमातल्या हंसा वाडकर सांगत गेल्या, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. १९७० ला पुस्तक आलं, पुढच्या वर्षी बाई गेल्या. दारूचं सांगितलं, घर सोडल्याचं सांगितलं. 'सांगत्ये ऐका' मध्ये कुठं किटाळ नाही आणि अस्मादिकही नाहीत.

बाळीवेसचा म्हातारा:
हे मान्य. पण त्या बाईंनी कुणाच्या ठेवी बुडवल्या नव्हत्या. त्यांच्याच कमाईवर बाकीचे जेवले. त्यांना 'वादग्रस्त' म्हणायचं आणि झोपाळ्यावरच्या साहेबांना 'सहकारमहर्षी'.

सेटलमेंट:
मी इथं नुसता वाचतो, लिहीत नाही. पण भूतकाळ मागं टाकायचं चाललंय म्हणून लिहितो.

माझा आजा ह्याच सोलापुरात सेटलमेंटमध्ये, म्हणजे आम्हाला डांबलेल्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात जन्मला. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला आणि जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातलं पोरसुद्धा गुन्हेगार. रोज हजेरी. मिलमध्ये कामाला जायचं तर पास घेऊन, आणि वेळेत परत. देश १९४७ ला सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. आजानं आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही. २०११ ला पलीकडच्या कॉलनीत घरफोडी झाली, तर पहिला मला उचलला. मी तेव्हा लॅब असिस्टंट होतो. दोन रात्री बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी 'जा' म्हणाले. चहा पण नाही, सॉरी तर लांबच.

टायसननं केलं त्याला तुम्ही 'प्रवास' म्हणता. मी काही न करता पत्ता सांगितला की समोरचा पाकीट चाचपतो. लेखक शरणकुमार लिंबाळे आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. लोक जी शिवी देत होते तेच त्यांनी १९८४ ला पुस्तकाचं नाव ठेवलं, 'अक्करमाशी'. तिथं माफी कुणी कुणाकडं मागायची, सांगा.

जुळे सोलापूर:
दादा, तुमचं वेगळं आहे.

सेटलमेंट:
तेच सांगतोय मी.

रेल्वे लाईन्स:
अगासीवर मी अजून ठाम आहे. टायसन सोडला, तो तसाही माझा नव्हता. आणि काका, कबुली कुठल्या साली दिली ते मी पाहिलं नव्हतं, एवढं देते तुम्हाला. 'प्रवास' हा शब्द त्या पोस्टखाली मीही लिहिला होता. आत्ता जाऊन काढला.

चादर कारखाना:
आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष पुस्तक काढणार असतील तर मागची दोन पानं आईला द्या. पावत्यांचे नंबर छापायचेत.

डीटीपीवाला:
मी टाइप करून देतो. फुकट. सवय आहे.

जुळे सोलापूर:
चादरवाले, व्याजाचं बोललो ते परत घेतो. आमचेपण चाळीस हजार अडकलेत. मीच ठेवले होते, दोन टक्के जादा मिळतात म्हणून. बापाला अजून सांगितलेलं नाही.

चादर कारखाना:
कुठल्या पतसंस्थेत?

जुळे सोलापूर:
सात रस्त्याला ये, सांगतो.

बाळीवेसचा म्हातारा:
बाई, ते अगासीचं भाच्याकडं असलं तर पाठवून द्या. विकत घेणार नाही.

रेल्वे लाईन्स:
म्हणजे न वाचताच एवढं चिडलात?

बाळीवेसचा म्हातारा:
पाल दिसल्यावर आमटी चाखावी लागते का? पाठवा पण.