मॉर्फिनची भीती नको
"लेकाला मॉर्फिन लिहून दिलंय, म्हणजे आता शेवटच का?" ताई, तुमची धास्ती समजते, पण मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक दुखण्याच्या तीव्रतेवरून देतात, आजाराच्या टप्प्यावरून नाही. कॅन्सरच्या केमोने तोंड सोलवटलेल्या, पुढे ठणठणीत होणाऱ्या मुलांनाही ते काही दिवस लागतं. दुखणं ओसरलं की डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. मनाने एकदम बंद करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या वेदनाशामक औषधांच्या दोनच पायऱ्या ठेवल्या: आधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, मग थेट मॉर्फिनसारखी औषधं. मधल्या पायरीवरचं कोडीन हे वेदनाशामक काढलं, कारण शरीरात त्याचं मॉर्फिन किती बनेल हे प्रत्येक मुलात वेगळं असतं. (केमो चालू असताना पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसुद्धा विचारल्याशिवाय नको. एकाने ताप झाकला जातो, दुसऱ्याने प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो.)

डोस घड्याळाप्रमाणे द्या, तो रडेपर्यंत थांबू नका. खेळणं सोडून गप्प पडून राहिलेलं मूलही दुखण्यात असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. फारच झोपाळू वाटला, श्वास मंद वाटला तर लगेच हॉस्पिटल गाठा.