गाजरगवताची ॲलर्जी: पॅच टेस्ट आणि स्टिरॉइड याविषयी अनुभव हवे आहेत

नमस्कार.

माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि पुरंदर तालुक्यातील आमची शेती अजूनही स्वतःच पाहतात. गेली चार वर्षे त्यांच्या चेहऱ्याला, पापण्यांना, मानेला आणि कोपराच्या खोबणीत प्रचंड खाज सुटते. तेथील त्वचा काळपट आणि चामड्यासारखी जाड झाली असून रात्री झोपेत ते खाजवतात त्याचा करकर आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. गांधी टोपी जिथे बसते त्या रेषेच्या वरचा भाग आणि सदऱ्याखालची पाठ मात्र अगदी स्वच्छ आहे. सुरुवातीला हा त्रास खुरपणीच्या दिवसांत वाढत असे आणि थंडीत जवळजवळ नाहीसा होत असे. गेल्या वर्षापासून तो बारा महिने मुक्कामाला आला आहे.

आमच्याकडून झालेली चूक आधी सांगतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सकाळी अंथरुणातून उठताच सलग दहा-बारा शिंका येतात आणि डोळे चोळून चोळून लाल होतात. घरात दोघांच्याही दुखण्याला ‘ॲलर्जी’ हा एकच शब्द वापरला जात असल्यामुळे दोघांना सेटिरिझिनची एकच गोळी चालू राहिली आणि पुढे एका प्रयोगशाळेत दोघांचीही रक्ताची ‘ॲलर्जी पॅकेज’ तपासणी झाली. वडिलांच्या अहवालात वांगे, शेंगदाणा, हरभरा आणि गहू यांच्यापुढे लाल खुणा होत्या. हे चारही पदार्थ ते जन्मभर विनातक्रार खात आले आहेत, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. आठ महिने त्यांनी शेंगदाण्याचे कूटसुद्धा तोंडात घातले नाही. वजन पाच किलोंनी उतरले, खाज तसूभरही हलली नाही.

आता एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावून सांगितल्यावर फरक ध्यानात आला आहे. मुलाचा त्रास आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे होतो. गादी-उशीतल्या धुळीतील सूक्ष्म किड्यांचे कण नाकात गेले की शरीरात हिस्टामिन हे खाज-शिंका आणणारे द्रव्य बाहेर पडते आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात, म्हणून त्याला सेटिरिझिनसारखी हिस्टामिनविरोधी गोळी लागू पडते आणि हातावर सुई टोचून केलेल्या चाचणीचा निकाल १५-२० मिनिटांत दिसतो. वडिलांच्या बाबतीत आयजीईचा संबंध नसून टी-पेशींची (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) उशिरा उमटणारी प्रतिक्रिया आहे. संपर्क आज झाला तर पुरळ उद्या-परवा उठते. ती रक्तातील आयजीई तपासणीत सापडत नाही, आणि सेटिरिझिनने फार तर गुंगी येते.

डॉक्टरांचा संशय गाजरगवतावर आहे, ज्याला आमच्याकडे नुसते ‘काँग्रेस’ म्हणतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगितले जाते. आमच्या बांधावर कधी आले ते कोणालाच आठवत नाही. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य झाडावरील बारीक लवेत असते आणि वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो, त्यामुळे हात न लावताही उघड्या अंगावर त्रास होतो. नावात गवत असले तरी हे गवत नव्हे, ही वनस्पती शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातील आहे. आणि आमची अर्धी शेती शेवंतीची आहे.

मला पुढील बाबतींत मदत हवी आहे. पहिली आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की वडील गेले सात महिने औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची गोळी घेत होते, हे आम्हाला गेल्या महिन्यात कळले. ती चालू असताना पॅच टेस्टचा, म्हणजे संशयित पदार्थाच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून केलेल्या चाचणीचा, निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो असे वाचले, आणि ती एकदम बंद करणे धोक्याचे आहे असेही वाचले. अशा रुग्णांची चाचणी आपल्यापैकी कोणी करून घेतली आहे का? दुसरे म्हणजे, शेवंती खरोखरच सोडावी लागते का? तिसरे, बांधावरील गाजरगवत काढण्याचा आपल्याकडे टिकलेला उपाय कोणता?

प्रतिसाद:

आपल्या वडिलांचे वर्णन वाचून आमच्या मातोश्री डोळ्यांसमोर आल्या. त्याही अशीच गोळी घेत होत्या. इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे मंदावते, म्हणून डॉक्टरांनी गोळी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केली आणि मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅमवर आल्यानंतर, थंडीच्या दिवसांत, पाठीवर पट्ट्या लावल्या. त्याआधी रक्तदाब आणि साखर पाहिली. साखर वाढलेली निघाली, तेव्हा आपणही हे दोन्ही लगेच तपासून घ्यावे. चाचणीनंतर त्यांना ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले. त्याचा गुण दिसायला कित्येक आठवडे जातात आणि मधूनमधून रक्तपेशी व यकृताची तपासणी करावीच लागते.

शेवंतीबद्दल आधीच निर्णय घेऊ नका. गाजरगवताबरोबर तिचीही वेगळी पट्टी लावता येते, तसे डॉक्टरांना सांगा. गाजरगवत पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना आणि फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे, हातमोजे घालून आणि वडिलांना त्यापासून लांब ठेवून. गाजरगवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे आपल्याकडे १९८४ पासून सोडले जातात. आमच्या बांधावर पावसाळ्यात त्यांनी पानांची चाळण केली, पण पावसाळा सरताच ते जमिनीत दडून बसतात आणि गवत पुन्हा डोके वर काढते, त्यामुळे उपटणे चुकत नाही.

पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात आणि निकाल दुसऱ्या व चौथ्या दिवशी पाहतात. तेवढे दिवस पाठीला पाणी लागता कामा नये, घामही येता कामा नये. मातोश्री दुसऱ्याच दिवशी ‘म्हशीला नुसती वैरण टाकून येते’ म्हणून गोठ्यात गेल्या, घामाने पट्ट्या सुटल्या आणि महिनाभराने सगळे पुन्हा करावे लागले. वडिलांना ते चार दिवस शहरात आपल्याकडेच आणून ठेवा.